बावीस वर्षं एचआयव्हीच्या गोळ्यांचे खोके आफ्रिकेला पाठवले, आता स्वतः जावं म्हणतोय

कशेळी_पूल
३ ऑगस्ट २०२५, रात्री १०.४२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचक आहे, धागा पहिलाच. चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

वय ५६, मुक्काम बाळकुम, ठाणे. मार्चमध्ये व्हीआरएस घेतली. त्याआधीची बावीस वर्षं भिवंडीच्या एका औषधांच्या गोदामात गेली, डिस्पॅचला. कशेळीच्या पुलावरचा ट्रॅफिक ज्यांनी सोसलाय त्यांना माझ्या आयडीचा अर्थ सांगायला नको. माल सगळा निर्यातीचा आणि त्यात मोठा वाटा एचआयव्हीच्या गोळ्यांचा. भिवंडीहून न्हावाशेवा, तिथून कंटेनर दार-ए-सलाम, बेइरा, मोम्बासा, डर्बन. लुसाका, लिलाँग्वे, कंपाला ही नावं मी खोक्यांवर इतक्या वेळा वाचली आहेत की डोळे मिटून स्पेलिंग सांगेन. ती गावं दिसतात कशी ते मात्र ठाऊक नाही.

मी केमिस्ट नाही, बी.कॉम. आहे. औषध बदललं की मला कळायचं ते लेबलवरून. २००३ साली लागलो तेव्हा स्टॅव्हुडिनवाली 'तीन औषधं एका गोळीत' भरभरून जायची. २०१० नंतर ती कमी होत गेली आणि टेनोफोविरचे खोके वाढले. मग २०१८-१९ पासून डोल्युटेग्राविर घातलेली तिहेरी गोळी, जिला सगळे टीएलडी म्हणतात ती. आधीच्या गोळीत तिन्ही औषधं मिळून १२०० मिलिग्रॅम, टीएलडीत ६५०. गोळी लहान झाली, बाटली लहान झाली आणि त्याच कंटेनरमध्ये कितीतरी जास्त माणसांचं औषध मावायला लागलं. आमच्या सुपरवायझरला याचा आनंद झाला तो पॅलेट कमी लागतात म्हणून. खरं सांगायचं तर मलाही तेवढाच झाला होता.

आता घरी बसून दुपारी झोप येत नाही. नेटवर शोधताना एका एजन्सीची जाहिरात दिसली. टांझानियात चार आठवडे एचआयव्ही जनजागृती, शाळांत आणि वस्त्यांत भाषणं, राहणं-खाणं धरून २ लाख ६० हजार, विमानभाडं वेगळं. शनिवार-रविवार सफारी, ऐच्छिक. पैसे ग्रॅच्युइटीतून निघतील. बायको म्हणते, "आधी माळा आवरा, मग आफ्रिका." मुलगा म्हणतो जा. मला कळत नाहीये की मी तिथे जाऊन नेमकं सांगणार काय. कुणी असं काम केलं आहे का?

शंकासुर
३ ऑगस्ट, रात्री ११.१५

फुकट काम करायचं आणि वर अडीच लाख आपणच द्यायचे? ही योजना ज्याने काढली त्याला दंडवत.

गंभीरपणे विचारतो. तुर्भ्याला ट्रक टर्मिनल आहे, भिवंडीत हनुमान टेकडीची वेश्यावस्ती आहे, तुमच्या घरापासून रिक्षाच्या अंतरावर. जनजागृतीच करायची तर टांझानिया कशाला?

गवती_चहा
३ ऑगस्ट, रात्री ११.२०

रुमाल टाकून ठेवते. खोक्यांचा परिच्छेद फार आवडला.

तुर्भेकरीण
४ ऑगस्ट, दुपारी २.०५

जेवणाच्या सुट्टीत लिहितेय. मी नवी मुंबईत एका आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्हीच्या सरकारी समुपदेशन-चाचणी केंद्रात, समुपदेशक आहे, तेरा वर्षं झाली. शंकासुरांनी आमचा पत्ता दिलाच आहे तर आमच्याकडे काय चालतं तेही सांगते.

२००२-०३ च्या सुमाराला मुंबईभर 'बलबीर पाशा को एड्स होगा क्या' अशी होर्डिंगं लागली होती, आठवतात? बलबीर हे जाहिरातीतलं पात्र, पण लोकलमध्ये माणसं खरोखर एकमेकांना विचारायची की झाला का त्याला. ते दिवस वेगळे होते, लोकांना माहितीच नव्हती. आज माझ्यासमोर जो बसतो त्याला लागण होण्याचे चार मार्ग पाठ असतात. डास चावला तर होतो का, असं विचारणारे अजून येतात, पण हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. आता विचारतात ते असं: रिपोर्ट घरी येणार का? मुकादमाला कळेल का? एक ड्रायव्हर म्हणाला, "मॅडम, गोळ्या महिन्याच्या देता, मी त्या तारखेला गुवाहाटीला असलो तर?" या प्रश्नांना पोस्टरवर उत्तर नसतं.

एपीएमसीतले माथाडी बरेचसे जावळी-पाटणकडचे. मी पाटणची आहे हे बोलण्यातून कळलं की समोरचा माणूस खुर्चीत मागे टेकतो. तोपर्यंत तो काठावर बसलेला असतो. हा फरक मी तेरा वर्षं रोज बघतेय. टांझानियातल्या माणसाला खुर्चीत मागे टेकवायला तुम्हाला चार आठवडे पुरतील का, आणि तेही दुभाषा घेऊन?

कुणाला वाईट वाटू नये, पण आमच्याकडेही शनिवारचे स्वयंसेवक येतात. लाल रिबीन लावतात, फोटो काढतात. चाचणीच्या खोलीत फोटो काढायचा नाही हे दर वेळी सांगावं लागतं. २०१७ चा एचआयव्ही कायदा सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. संमतीशिवाय चाचणी नाही, कुणाचा रिपोर्ट फोडायचा नाही. भिंतीवर फ्रेम करून लावलाय, तरी.

शंकासुर
४ ऑगस्ट, दुपारी २.३०

मीही हेच म्हणत होतो.

तुर्भेकरीण
४ ऑगस्ट, दुपारी २.३४

नाही, तुम्ही म्हणत होतात की तिकडे नको, इकडे करा. मी म्हणतेय की भाषणं नकोतच. इकडेही नकोत.

कशेळी_पूल
४ ऑगस्ट, सायंकाळी ७.१०

ताई, फार धन्यवाद. खुर्चीचं पटलं. एजन्सीला आज फोन केला होता. "तुम्हाला वैद्यकीय अनुभव लागत नाही सर, फक्त मन मोठं पाहिजे," असं म्हणाल्या. गोदामात हमाल घेतानासुद्धा आम्ही याहून जास्त विचारायचो. आगाऊ रक्कम भरलेली नाही.

डॉ_अवांतर
४ ऑगस्ट, रात्री ९.५०

बरं झालं नाही भरलीत. मन मोठं पाहिजे म्हणजे खिसा.

या धंद्याला आता नाव पडलंय, व्हॉलंटुरिझम. सगळेच वाईट असतात असं नाही, पण त्यांचं गिऱ्हाईक जाणारा असतो, तिथला रुग्ण नव्हे. सगळ्यात वाईट भाग अनाथाश्रमांचा. पाहुण्यांना मुलं दाखवायची म्हणून आईबाप असलेली मुलं आणून ठेवल्याचे प्रकार इतके वाढले की ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्ये तो आधुनिक गुलामगिरीचा प्रकार म्हणून कायद्यात धरला. तुमच्या कार्यक्रमात 'एड्सग्रस्त अनाथ मुलांसोबत एक दिवस' असं काही असेल तर तिथेच फोन ठेवा.

दुसरं, व्हिसा. पर्यटक व्हिसावर स्वयंसेवा केली तर बऱ्याच देशांत ते बेकायदा काम ठरतं. टांझानियात स्वयंसेवकाला वेगळा निवास परवाना लागतो, क्लास सी. एजन्सी म्हणाली की टुरिस्ट व्हिसा पुरतो, तर पकडले जाल तुम्ही, ती नाही.

आता थोडं अवांतर, आयडीला जागून. धागाकर्ते ज्या खोक्यांबद्दल बोलताहेत ते मुळात आफ्रिकेला जाऊ लागले कसे, हे इथल्या तरुण मंडळींना माहीत नसेल. २००० च्या आसपास या औषधांचा खर्च एका माणसामागे वर्षाला १० ते १५ हजार डॉलर होता. फेब्रुवारी २००१ मध्ये आपल्या मुंबईच्या सिप्लाने तेच तिहेरी मिश्रण ३५० डॉलरला देऊ केलं, म्हणजे दिवसाला एक डॉलरपेक्षा कमी. हे जमलं कारण १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाच्या प्रक्रियेला पेटंट मिळायचं, खुद्द औषधाला नाही. तो दरवाजा २००५ मध्ये बराचसा लागला, पण तोवर किमती कोसळल्या होत्या. २०१७ मध्ये टीएलडीसाठी करार झाला तो वर्षाला सुमारे ७५ डॉलरचा. तेव्हा बी.कॉम. आहे म्हणून संकोचू नका. एचआयव्हीच्या इतिहासात भिवंडीच्या गोदामांनाही एक ओळ मिळायला हवी.

कळव्याची_सिस्टर
५ ऑगस्ट, पहाटे ५.२०

नाइट संपली, आता लिहिते. मोठं होईल, हातासरशी चहा घेऊन बसा.

मी २०१६ ते २०१८ मलावीच्या दक्षिण भागात एका मिशन हॉस्पिटलमध्ये होते. मलावी म्हणजे समुद्र नसलेला, गरीब देश. पण एचआयव्हीत त्यांनी जगाला एक गोष्ट शिकवली. गरोदर बाई पॉझिटिव्ह निघाली की तिला औषध द्यायचं का, हे तेव्हा सीडी फोर, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारशक्तीच्या पेशींच्या, आकड्यावर ठरायचं. ते मोजायची यंत्रं खेड्यात नव्हती. मग २०११ मध्ये त्यांनी ठरवलं की मोजत बसायचं नाही, प्रत्येक पॉझिटिव्ह गरोदर बाईला त्याच दिवसापासून आयुष्यभर गोळ्या. त्याला ऑप्शन बी प्लस म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने ते मागाहून उचललं. आपल्याला वाटतं आपण तिकडे शिकवायला जातो.

जनजागृतीचा किस्सा ऐका. युरोपातल्या एका कॉलेजची अकरा मुलं दोन आठवड्यांसाठी आली होती. गोड मुलं, कष्टाळूसुद्धा. एका शाळेत भाषण ठेवलं. दुभाषी म्हणून आमच्या एक्स्पर्ट क्लायंट बाई. एक्स्पर्ट क्लायंट म्हणजे स्वतः पॉझिटिव्ह, गोळ्या नीट घेणारी आणि इतर पेशंटना सांभाळणारी बाई. तर मुलगा इंग्रजीत दोन वाक्यं बोलला आणि थांबला. बाईंनी भाषांतर सुरू केलं. ते चाललं वीस मिनिटं. शाळेतली मुलं हसताहेत, मध्येच गप्प होताहेत, मागच्या दोन मुली रडल्या. तो बिचारा शेजारी उभा. शेवटी बाई त्याच्याकडे वळून म्हणाल्या, "यू कॅन कंटिन्यू."

तिकडे चिचेवा भाषेत विषाणूला 'कचिलोम्बो' म्हणतात, म्हणजे छोटं जनावर. त्या बाई पोरांना सांगायच्या की हे जनावर मरत नाही, पण रोज गोळी दिली की झोपतं, म्हणून गोळी विसरू नका. मला नर्सिंगच्या चार वर्षांत कुणी इतकं सोपं सांगितलं नव्हतं. कळव्याला परत आल्यावर मीही पेशंटना तेच सांगते, फक्त 'किडा' म्हणते.

आता कशेळीकाका, तुमच्यासाठी खास. त्या हॉस्पिटलमध्ये जनजागृतीला माणसं होती. औषधाच्या स्टोअरला नव्हती. एक फार्मसी असिस्टंट, तोच खिडकीवर गोळ्या देणार आणि तोच शनिवारी संध्याकाळी स्टॉक मोजणार. सरकारची पद्धत चांगली आहे, दर तिमाहीला पथक येऊन प्रत्यक्ष बाटल्या मोजतं. पण मधल्या तीन महिन्यांत रजिस्टर चुकलं की पुढचा माल चुकतो. एकदा चाचणीच्या किट संपल्या म्हणून आम्ही पंधरा दिवस बायकांना परत पाठवलं. काही जणी तीन तास चालून आलेल्या. नंतर स्टोअर आवरताना मागच्या रांगेत दोन खोके किट सापडल्या, मुदत आदल्याच महिन्यात संपलेली. मी तिथेच जमिनीवर बसले होते. देणगीत आलेली औषधं तर विचारू नका, कुठल्या भाषेतली लेबलं आहेत तेही कळायचं नाही.

मागच्या जानेवारीत अमेरिकेने परदेशी मदत अचानक थांबवली, त्याची झळ तिकडे फार बसली आहे. मार्चमध्ये फोन केला तर नोंदी ठेवणारी पोरं घरी गेलेली, एक्स्पर्ट क्लायंट बाईंचं मानधन बंद. त्या तरीही येतात म्हणाली तिथली मेट्रन.

त्यांना भाषण करणारा माणूस नकोय. पण बावीस वर्षं खोके मोजलेला माणूस मिळाला तर त्या मेट्रनबाई देवळात, म्हणजे चर्चमध्ये, मेणबत्ती लावतील. सांगा, विचारू का?

गवती_चहा
५ ऑगस्ट, सकाळी ८.०२

"यू कॅन कंटिन्यू." मी बसमध्ये एकटीच हसतेय.

नौपाड्याची_नात
५ ऑगस्ट, सकाळी ११.४०

सिस्टर, मोदक. मी एमएसडब्ल्यू करतेय, दुसरं वर्ष. काकांना थोडी माहिती, कारण मी मागच्या वर्षी हाच शोध घेतला होता.

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम आहे, यूएनव्ही, मुख्यालय जर्मनीत बॉनला. तिथे पैसे भरावे लागत नाहीत, उलट निर्वाहभत्ता मिळतो. पस्तिशीपुढच्या अनुभवी लोकांसाठी वेगळा गट आहे, त्यात पुरवठा-साठवणूक असल्या जागा निघतात. पण जागा कमी आणि वाट बघणं फार. तोवर ऑनलाइन स्वयंसेवा करता येते, तीही यूएनव्हीचीच. घरी बसून एक्सेल, भाषांतर वगैरे. पीस कोअरचं नाव तुम्ही वाचलं असेल, ते फक्त अमेरिकन नागरिकांसाठी. डॉक्टर विदाउट बॉर्डर्सलाही फक्त डॉक्टर लागतात असं नाही, लॉजिस्टिक्सवाले लागतात. ते मात्र रीतसर नोकरीसारखं असतं, मुलाखत वगैरे.

मला स्वतःला कुठेच मिळालं नाही. 'दोन वर्षांचा अनुभव' सगळीकडे.

एक वाचक
५ ऑगस्ट, दुपारी १२.१५

[हा प्रतिसाद संपादित करण्यात आला आहे. आफ्रिकेतल्या लोकांबद्दल किंवा पॉझिटिव्ह व्यक्तींबद्दल शेलके शब्द इथे चालणार नाहीत. – व्यवस्थापन]

अनामिक_०७
६ ऑगस्ट, रात्री १२.५८

हा आयडी आत्ताच काढला. जुन्या आयडीने मी इथे पाककृती आणि क्रिकेटवर लिहितो. तो कोणता हे शोधू नका.

मी २००७ पासून गोळ्यांवर आहे. सीडी फोर ११२ होता. सरकारी केंद्रात मोफत औषध २००४ मध्येच सुरू झालं होतं म्हणून वाचलो, नाहीतर आमच्या घरची ऐपत नव्हती. धागाकर्ते म्हणतात ती स्टॅव्हुडिन मी पाच वर्षं खाल्ली आहे. तिने जगवलं आणि तिनेच गाल बसवले. हातापायांवरची चरबी जाते, शिरा दोरीसारख्या वर येतात. ऑफिसात विचारायचे, डाएट करतोस का रे? रात्री तळपायात मुंग्या आणि आग. मे महिन्यात ओल्या फडक्यावर पाय ठेवून झोपायचो. २०१२ मध्ये टेनोफोविर सुरू झालं तेव्हा मॅडम म्हणाल्या, नवीन गोळी आली आहे. मी त्यांना म्हटलं, चेहरा परत येईल का? थोडा आला.

२०२१ पासून टीएलडी. व्हायरल लोड, म्हणजे रक्तातल्या विषाणूचं प्रमाण, गेली बरीच वर्षं 'नॉट डिटेक्टेड'. असं असलं की जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता मोठ्या अभ्यासांतून सिद्ध झालंय. हे मला कळायला फार वर्षं लागली. माझी बायको निगेटिव्ह आहे. मुलगी नऊ वर्षांची, निगेटिव्ह, आणि सध्या तिला कथक आवडेनासं झालंय एवढाच घरात ताप.

हे लिहिण्याचं कारण वेगळं. २०२२ चा उन्हाळा-पावसाळा. महिन्याच्या गोळ्या मिळायच्या त्या दहा दिवसांच्या मिळायला लागल्या. कधी सातच. काही जणांना वेगळं मिश्रण, मुलांच्या गोळ्या मोडून. दिल्लीत नॅकोच्या, म्हणजे सरकारच्या एड्स नियंत्रण संघटनेच्या, ऑफिसबाहेर लोक महिन्याहून जास्त धरणं धरून बसले होते. मी ठाण्यात बसून रजा मोजत होतो. महिन्यात तीनदा अर्धी रजा कशासाठी हे साहेबाला काय सांगू? एकदा दाढेचं कारण दिलं, एकदा आईचं. आई तेव्हा वारून दोन वर्षं झाली होती.

जनजागृतीचं भाषण कुठे असलं तर मी मागच्या दाराने निघून जातो, अजूनही. कुणी मला काही समजावून सांगावं असं मला कधी वाटलं नाही. खिडकीवर गेल्यावर बाटली असावी एवढंच वाटायचं. तुम्हाला बाटली वेळेवर पोहोचवता येत असेल तर जा. कुठेही जा.

कशेळी_पूल
६ ऑगस्ट, सकाळी ६.३०

अनामिक, काय लिहू कळत नाही. तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. ती उठून आत गेली, मग चहा घेऊन आली. माळ्याचा विषय निघालेला नाही.

एक गोष्ट खरी सांगितली पाहिजे. आपल्या सरकारी केंद्रांचा माल आमच्याकडून जात नव्हता, त्याची टेंडरं वेगळी. तुमच्या बाटलीला माझा हात लागलेला नाही. पण स्टॅव्हुडिनचे खोके मी हजारोंनी पाठवले आणि ज्या वर्षी ते कमी झाले तेव्हा आमच्याकडे कुणीतरी म्हणालं होतं की साइड इफेक्टमुळे बंद होतंय. मी 'बरं' म्हणून पुढच्या पॅलेटकडे वळलो होतो. साइड इफेक्ट म्हणजे ओलं फडकं हे मला काल कळलं.

आणखी एक. मागे एकदा एक कन्साइनमेंट एका सहीसाठी नऊ दिवस अडकलं होतं. कुठल्या देशाचं ते लिहीत नाही. आम्ही तेव्हा भाडं किती चढलं त्याचा हिशोब केला होता, रुपयांत. काल रात्री पहिल्यांदा दुसरा हिशोब केला. एक बाटली म्हणजे एका माणसाचा एक महिना. पुढे मोजवेना.

सिस्टर, विचारा.

शंकासुर
६ ऑगस्ट, सकाळी ९.१०

माझा मुद्दा अजून तिथेच आहे की इथेही मोजायला माणसं लागतात. अनामिक यांनी तर २०२२ चं उदाहरणच दिलं. पण एजन्सीपेक्षा हे बरं, हे मान्य.

कळव्याची_सिस्टर
६ ऑगस्ट, रात्री ८.४५

मेट्रनबाईंना कळवलं. उत्तर आलं की निवडणूक १६ सप्टेंबरला आहे, ती होऊन जाऊ दे. शिवाय तिकडे डिझेलची चणचण आहे. ऑक्टोबरमध्ये बोलू म्हणाल्या.

काकू विचारत असतील की काकांना लागण झाली तर? स्टोअरमध्ये बसणाऱ्या माणसाला एचआयव्हीची भीती बाळगण्याचं कारण नाही. मला दोन वर्षांत एकदा सुई टोचली होती. अशा वेळी ७२ तासांच्या आत गोळ्या सुरू करून २८ दिवस घ्यायच्या असतात, जितक्या लवकर तितकं बरं. घेतल्या, काही झालं नाही. खरी भीती दोनच, मलेरिया आणि रस्ता. मच्छरदाणीत झोपायचं, डॉक्टरांना विचारून मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या घ्यायच्या आणि अंधार पडल्यावर गाडीने प्रवास करायचा नाही. मलावीचं मोठं तळं फार सुंदर आहे, पण काठाच्या उथळ पाण्यात बिल्हार्झियाचे जंतू असतात. तलावपाळीसारखं बाहेरूनच बघायचं.

डॉ_अवांतर
६ ऑगस्ट, रात्री ९.३०

भर घालतो. मलावीला विमान बहुधा अदिस अबाबावरून जाईल. इथिओपिया यलो फीव्हरच्या यादीत आहे, तेव्हा लस घेऊन टाका. प्रमाणपत्र लसीनंतर दहा दिवसांनी लागू होतं आणि आता आयुष्यभर चालतं. ते जवळ नसेल तर परतल्यावर आपलेच लोक सहा दिवसांपर्यंत वेगळं ठेवू शकतात. साठीनंतर ही लस जपून द्यावी लागते, तुम्ही अजून अलीकडे आहात.

कशेळी_पूल
२४ नोव्हेंबर २०२५, रात्री १०.०५

धागा वर काढतोय, क्षमस्व. काही जणांनी विपूत (खाजगी विचारपूस) विचारलं म्हणून.

ऑक्टोबरात व्हिडिओ कॉल झाला. मेट्रनबाई आणि तो फार्मसी असिस्टंट. मी माझा बायोडेटा पाठ करून बसलो होतो, पॅलेट, एक्स्पायरीचा क्रम, बिन कार्ड, सगळं. त्यांनी एकच विचारलं, "तुम्ही गेल्यावर हे कोण करणार?" मला उत्तर आलं नाही. आठ दिवस घेतले. मग लिहून पाठवलं की पहिला महिना मी मोजेन आणि तुमची दोन माणसं बघतील, दुसरा महिना ती मोजतील आणि मी बघेन, तिसरा महिना मी स्टोअरमध्ये पाऊल टाकणार नाही, बाहेर बाकावर बसेन. त्यावर असिस्टंटचं एका ओळीचं उत्तर आलं, बाकाला सावली नाही.

परवान्याचा अर्ज हॉस्पिटलने केला आहे. विमानभाडं माझं, राहायला त्यांची खोली. जानेवारीच्या मध्याला निघायचं ठरतंय, म्हणजे ऐन पावसात. पावसाची आपल्याला काय भीती, जुलैत कशेळी पाहिलेल्या माणसाला.

शंकासुर, तुमच्यासाठी: सप्टेंबरपासून दर मंगळवारी पनवेलजवळच्या एका निवासी केंद्रात जातो. पॉझिटिव्ह मुलं राहतात तिथे. औषधांचं एकच कपाट आहे. पहिल्या दिवशी त्यातून मुदत संपलेली कफ सिरपं निघाली, सतरा बाटल्या. जनजागृती वगैरे काही करत नाही. मुलं मला 'कपाटवाले काका' म्हणतात.

तुर्भेकरीण
२४ नोव्हेंबर, रात्री १०.३१

बाकावर बसायची कल्पना फार आवडली. आमच्या शनिवारवाल्यांना सांगून बघते.

शंकासुर
२४ नोव्हेंबर, रात्री १०.४०

सतरा? पत्ता विपू करा. मंगळवारी मला जमत नाही, गुरुवारी जमेल.

अनामिक_०७
२५ नोव्हेंबर, रात्री १.१२

जाऊन या. तिकडचे गाल बसलेले जुने पेशंट भेटतील, चाळिशी-पन्नाशीचे. त्यांच्याकडे टक लावून बघू नका. बाकी काही नाही.

गवती_चहा
२५ नोव्हेंबर, सकाळी ८.१५

काका, भाजणी नेताय ना? तिकडे मक्याच्या पिठाचं न्सीमा की काय ते रोज असतं म्हणे.

कळव्याची_सिस्टर
२५ नोव्हेंबर, सकाळी ९.००

न्सीमा चांगलं लागतं हो, आपल्या उकडीसारखं, फक्त बिनमिठाचं. भाजणी न्याच, पण सामानात जागा ठेवा. जाड मार्कर पेनं, रुंद सेलोटेप आणि रजिस्टरं. तिकडे महाग आहेत आणि पानं पातळ असतात. ठाणे स्टेशनाजवळ होलसेलमध्ये घ्या, डझनभर.

कशेळी_पूल
२५ नोव्हेंबर, सकाळी ९.२२

रजिस्टर उभं की आडवं?

कळव्याची_सिस्टर
२५ नोव्हेंबर, सकाळी ९.४०

आडवं. आणि गडद रेघांचं बघा. चारनंतर स्टोअरमध्ये उजेड नसतो.